दांडा सरळ, चाक तिरपं

मी पॉलिटेक्निकला मशीन ड्रॉइंग शिकवतो. मुलांना एकदा तरी खऱ्या यंत्राखाली आडवं करायचं, हा माझा जुना हट्ट. त्या हिवाळ्यात परवानगी काढून एक बॅच नेरळला नेली. माथेरानच्या गाडीचं ७३८ नंबरचं वाफेचं इंजिन तिथे जपून ठेवलंय. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात आणि वडापावकडे वळतात. आम्ही टेप, व्हर्नियर आणि बॅटऱ्या घेऊन खाली शिरलो.

ही लाइन अब्दुल हुसैन आदमजी पीरभॉय यांनी बांधली आणि १९०७ साली ती सुरू झाली. रूळ दोन फुटी, म्हणजे ६१० मिमी, आणि चढ काही ठिकाणी २० फुटांना एक फूट. सल्लागार होते बार्शी लाइट रेल्वेवाले एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. इंजिनं आली जर्मनीच्या ऑरेनस्टाईन अँड कोपेल कंपनीकडून. मुलांना यात फारसा रस नव्हता. त्यांना मापं घेऊन लवकर मोकळं व्हायचं होतं.

तेवढ्यात एक मुलगी खालूनच ओरडली, "सर, हा अ‍ॅक्सल इतका जाड का? नळच वाटतोय." अ‍ॅक्सल म्हणजे चाकांच्या जोडीला जोडणारा आस. पाठोपाठ दुसरा प्रश्न: "आणि सहाही चाकं एकाच दांड्याला जोडलीत. मग वळणावर ही वळणार कशी?"

याच प्रश्नासाठी मी त्यांना तिथे आणलं होतं. वर्गात वळणाऱ्या इंजिनांचे प्रकार फळ्यावर काढून झाले होते. फेअर्लीचं दुतोंडी इंजिन: वेल्समध्ये १८६९ साली त्याच्या 'लिटल वंडर'ने नाव काढलं. त्यात दोन्ही चाकगाडे, म्हणजे चाकांचे संच, वळतात. मॅलेच्या इंजिनात मागचा संच पक्का, पुढचा वळता. गॅरेटमध्ये मधोमध बॉयलर आणि दोन टोकांना दोन इंजिनं. १९११ चं एक दार्जिलिंगला आलं होतं. या तिघांचीही मेख एकच. सिलिंडर वळत्या भागावर असले की तिथे वाफ न्यायला हलता सांधा लागतो, आणि वाफेचा हलता सांधा आज ना उद्या गळतोच. मोजक्या इंजिनांवर चालणाऱ्या छोट्या फाट्याला ही डोकेदुखी परवडायची नाही, असं माझं मत.

७३८ मध्ये सिलिंडर हलतच नाहीत. हलतो तो अ‍ॅक्सलचा बाहेरचा भाग. हे सॅक्सनीतल्या क्लीन आणि लिंडनर या दोन इंजिनिअरांचं डोकं. मी समजावू लागलो, पण फ्रेमखालून हातवारे करून काही जमेना.

शेडमधून निवृत्त झालेले एक फिटरकाका कधीचे बाजूला उभे होते. वाफ बंद झाली १९८२ मध्ये. त्याआधी उमेदवारीत त्यांनी ही इंजिनं हाताळली होती. ते म्हणाले, "सर, मी दाखवू का?"

"दाखवा ना काका."

त्यांनी एका सरदार मुलाचं मनगट धरलं आणि त्यातलं कडं तिरकं केलं. "हा हात म्हणजे आतला अ‍ॅक्सल. फ्रेममध्ये बसलेला, सरळच्या सरळ. बाहेरच्या टोकांना क्रँक, म्हणजे फिरवायच्या भुजा, आणि क्रँकला दांडे. कडं म्हणजे वरची पोकळ नळी. चाकं बसवलीत ती या नळीवर. हात जागचा हलला? नाही. कडं वळलं."

"पण काका, कडं सैल आहे. हात फिरला तरी ते फिरणार नाही," तो मुलगा म्हणाला.

काका खूश झाले. "बरोबर पकडलंस! म्हणून आतल्या अ‍ॅक्सलला मधोमध गोळा आणि गोळ्यातून आरपार पिन. पिन नळीला फिरवते, गोळा तिला तिरपं होऊ देतो. थोडी आडवी सरकायलाही जागा आहे. पुढची आणि मागची जोडी अशी, मधली साधी." मग आवाज उतरवून म्हणाले, "मात्र वंगण आत पोचायला हवं. वरून काही दिसत नाही. झीज होते ती आतच."

बाकीची मापं तशीच राहिली. सगळे पुन्हा आत शिरले. कुणी चाकाच्या मागे बॅटरी धरली, कुणी नळीचा घेर सुतळीने घेतला. काका बाहेरून सूचना देत होते आणि मुलं त्यांना सर म्हणू लागली होती, मला नाही.

परतताना कर्जत लोकलमध्ये वाद पेटला. लांबीत कापलेला भरीव शाफ्ट हॅच करायचा नाही, म्हणजे त्यावर छेदाच्या तिरक्या रेघा मारायच्या नाहीत, हा ड्रॉइंगचा पहिला नियम. मग इथे काय? बाहेरची नळी कापायची, हॅच करायची आणि आतला अ‍ॅक्सल अख्खा ठेवायचा, यावर बदलापूरपर्यंत एकमत झालं. गोळ्याचं काय, यावर मात्र दोन तट पडले. पिन दिसायला हवी तर तिथे थोडा भाग तोडून दाखवावाच लागेल, असं त्या मुलीचं म्हणणं. मी तिच्या बाजूने मत दिलं आणि त्या सत्राची शेवटची शीट तीच दिली: क्लीन-लिंडनर अ‍ॅक्सल, अर्धा छेद, ए टू कागदावर.