हाफ-लाइफचा माझा क्रम, तुम्ही विचारलंत म्हणून

हाफ-लाइफ ही बंदूकबाजीच्या व्हिडिओ गेमची मालिका खेळायला घ्यायचं ठरवलं की जो तो मला एकच प्रश्न विचारतो: मुख्य गेम आणि एक्सपान्शन (म्हणजे मूळ गेमला जोडलेले छोटे भाग) मिळून आठ भाग झाले, त्यात सगळ्यात चांगला कुठला आणि कुठला सोडला तरी चालेल? दर वेळी तुकड्यातुकड्यांत उत्तर देते. आज सगळंच सांगून टाकते.

आधी क्रम. पहिला हाफ-लाइफ सगळ्यात वर. मग एपिसोड टू, हाफ-लाइफ २, अ‍ॅलिक्स, ऑपोझिंग फोर्स, एपिसोड वन, डीके आणि शेवटी ब्लू शिफ्ट. एपिसोड टू हाफ-लाइफ २ च्या वर पाहून पुष्कळांच्या भुवया उंचावतात, त्याचं कारण पुढे येईलच.

माझी कसोटी एकच आहे. हा गेम मला न सांगता किती शिकवतो? तुम्ही ज्याच्या जागी खेळता तो शास्त्रज्ञ गॉर्डन फ्रीमन कधी बोलत नाही, मध्येच गेम थांबवून वेगळी फिल्म दाखवत नाहीत, डोळे कायम आपलेच असतात. त्यामुळे जे काही समजायचं ते जागेनेच समजावलं पाहिजे. बंदुका किती, शत्रू किती, ग्राफिक्स कसे, हे सगळं त्याच्या मागून.

१९९८चा पहिला गेम त्यात आजही कुणाला हार जात नाही. ब्लॅक मेसा नावाच्या प्रयोगशाळेत दुर्घटना होते, परक्या जगातले प्राणी आत शिरतात आणि तुम्हाला बाहेर पडायचं असतं. ब्लास्ट पिट हा भाग घ्या. रॉकेटचं इंजिन तपासायची खोल विहिरीसारखी जागा, आणि तळातून वर आलेल्या तीन अजस्र हिरव्या सोंडा, टोकाला चोच. कंट्रोल रूमची काच फोडून त्यातली एक सोंड शास्त्रज्ञाला ओढून नेते, ते तुमच्या डोळ्यांदेखत घडतं. त्यानंतर ऐकू येते ती फक्त चोचीची लोखंडावरची टकटक. दबक्या आवाजातली एखादी सूचना सोडली तर कुणी काही सांगत नाही. गोळ्या झाडून सोंडा मरत नाहीत. पळालात की चोच तुमच्याच दिशेला आपटते. मी तिथे दोनतीनदा मेले, मग वाकून हळूहळू चालले आणि सोंड माझ्या शेजारून निघून गेली. तेव्हा कळलं, हिला दिसत नाही, हिला ऐकू येतं. मग एक हातबॉम्ब लांब कोपऱ्यात टाकला, तिन्ही चोची तिकडे वळल्या आणि मी शिडीकडे सुटले. पुढे इंधन, प्राणवायू, वीज असं एकेक सुरू करत शेवटी तेच इंजिन पेटवून त्यांना जाळायचं. जिथे भीती वाटली तीच जागा हत्यार झाली. इतकं नेटकं कोडं या मालिकेत दुसरं नाही.

आणि सैनिक येतात तो क्षण. ‘आपली सुटका करायला आले’ म्हणून शास्त्रज्ञ त्यांच्याकडे धावतो आणि ते त्याला गोळी घालतात. त्या एका दृश्याने पुढच्या सगळ्या गेमचा अर्थ बदलतो.

शेवटचं झेन, म्हणजे त्या प्राण्यांचं परकं जग, मात्र कच्चं आहे. तरंगत्या खडकांवरून उड्या मारण्यात गंमत कमी आणि वैताग जास्त. चाहत्यांनी नव्याने बांधलेल्या ‘ब्लॅक मेसा’त, जो २०२० मध्ये पूर्ण झाला, झेन खरोखर देखणं झालंय. पण तो मूळ मालिकेचा भाग नव्हे, म्हणून क्रमात धरला नाही.

हाफ-लाइफ २ (२००४) बद्दल बोलायचं तर रेव्हनहोम या झाँबींनी भरलेल्या गावापासूनच. त्याच्या आधी वस्तू ओढून घेणारी आणि फेकणारी ग्रॅव्हिटी गन हातात देतात आणि डॉग नावाच्या यंत्रमानवाबरोबर झेलाझेली खेळायला लावतात. खेळता खेळता उचलणं आणि फेकणं अंगवळणी पडतं. मग रेव्हनहोममध्ये शिरताच एका ठिकाणी करवतीचं गोल पातं रुतलेलं दिसतं, त्यावर झाँबीचा कमरेपासून कापलेला अर्धा देह. वाट मोकळी करायला तुम्ही पातं ओढून घेता आणि नेमका तेव्हाच समोरून दुसरा झाँबी येतो. बोट आपोआप दाबलं जातं. पडद्यावर एक अक्षर येत नाही, पण पुढचा तासभर तुम्ही पाती शोधत फिरता. वाळूवर पाय पडला की अँटलायन नावाचे मोठे किडे येतात, म्हणून फळ्या टाकत, खडकांवरून उड्या मारत जायचं, हेही त्याच जातीचं.

मग तिसरा नंबर का? कारण गेम मोठा आहे आणि सगळीकडे इतका चोख नाही. एअरबोटीचा भाग लांबतो. शहरातल्या लढाईत बरोबरचे बंडखोर नेमके दारातच उभे राहतात, आपल्यालाच पुढे जाता येत नाही.

हाफ-लाइफ २ ची गोष्ट पुढे नेणाऱ्या एपिसोड टू (२००७) मध्ये हे पसरटपण उरलेलं नाही. त्यातली शेवटची लढाई म्हणजे दोन्ही गेममध्ये जे जे शिकलो त्याची एकत्र परीक्षा. डोंगरातली दरी, अधूनमधून घरं आणि शेड, आणि तीन पायांचे उंच स्ट्रायडर रॉकेटच्या तळाकडे चालत येतायत. तळ पडला की संपलं. तुमच्याकडे गाडी, गाडीच्या मागे एक मॅग्नसन डिव्हाइस. ते ग्रॅव्हिटी गनने स्ट्रायडरच्या अंगावर चिकटवायचं आणि गोळी मारून उडवायचं. ऐकायला सोपं. पण बरोबर हंटर नावाचे छोटे, चपळ शत्रू असतात, ते डिव्हाइस पाडतात. मी आधी दर वेळी थेट स्ट्रायडरवर जायचे आणि हरायचे. मग लक्षात आलं की आधी हंटर संपवायचे. गोळ्या घालत बसण्यात वेळ जातो, त्यापेक्षा गाडी त्यांच्या अंगावर घालायची किंवा ओंडका फेकायचा. कुठल्या घराशी पुढचं डिव्हाइस मिळेल हे डोक्यात ठेवून दरीभर गाडी पळवायची. एखादं घर स्ट्रायडरने उडवलं की तिथला साठाही गेला. शेवटचा स्ट्रायडर कोसळला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी होते.

अ‍ॅलिक्स (२०२०) फक्त व्हीआर हेडसेटवर चालतो, तेवढी एक अडचण. हातात मावेल इतकं शिक्षण मात्र यातच आहे. मॅगझिन काढा, खांद्यामागून नवं घ्या, बसवा, स्लाइड ओढा. आणि समोर शत्रू आला की हेच हात कापायला लागतात. जेफ नावाचा आंधळा राक्षस आहे. त्याच्या भोवतीच्या बीजाणूंनी खोकला येतो, आणि खोकलात तर त्याला ऐकू जातं. म्हणून स्वतःचा हात उचलून स्वतःच्या तोंडावर धरायचा. ब्लास्ट पिटचा धडा बावीस वर्षांनी पुन्हा, या वेळी माझ्याच अंगावर. कपाट उघडताना आतली बाटली पडते आणि ती झेलावी लागते, तेव्हा श्वास अडकतो.

एक्सपान्शनमध्ये ऑपोझिंग फोर्स (१९९९) सगळ्यांत सरस. गिअरबॉक्सने बनवलेला. तीच दुर्घटना, पण आता तुम्ही गॉर्डनला मारायला पाठवलेल्या सैनिकांपैकी एक, एड्रियन शेपर्ड. वैद्यक सैनिक जखमा बांधतो, इंजिनिअर बंद दारं कापून देतो, म्हणून माणसं जपायला शिकता. गॉर्डनला पोर्टलमध्ये उडी मारताना तुम्ही लांबून बघता. एक्सपान्शनने एवढं तरी करावंच: ओळखीच्या जागेकडे बघायला दुसरे डोळे द्यावेत.

एपिसोड वन (२००६) मध्ये जागा बऱ्याचशा जुन्याच. पण काळोखातला एक भाग विसरता येत नाही. टॉर्च तुमच्याकडे, बंदूक अ‍ॅलिक्सकडे (ही गॉर्डनची सोबतीण, तिच्याच नावाचा तो गेम). तुम्ही ज्याच्यावर उजेड पाडाल त्यावर ती गोळी झाडते. बॅटरी संपत आली की उजेड कुणावर खर्च करायचा ते ठरवावं लागतं. त्या भागासाठी तो डीकेच्या वर.

डीके (२००१) दोघांनी मिळून खेळायचा, प्लेस्टेशन २ वरचा. एकटीने खेळून त्याला न्याय देता येत नाही, म्हणून जास्त बोलत नाही. ब्लू शिफ्टमध्ये नवं हत्यार नाही, नवा शत्रू नाही, दोनतीन तासांत संपतो. तरी त्यातला एक क्षण मला फार प्रिय आहे. पहिल्या गेमच्या सुरुवातीला ट्राममधून जाताना एक पहारेकरी बंद दार ठोठावत उभा दिसतो ना? तो बार्नी, ब्लू शिफ्टचा नायक. ब्लू शिफ्टमध्ये दारापाशी उभे तुम्ही असता आणि गॉर्डनची ट्राम समोरून निघून जाते.

तेव्हा सोडायचाच असेल तर ब्लू शिफ्ट सोडा. पण खेळताना माझ्या क्रमाने जाऊ नका, निघाले तसेच खेळा. अ‍ॅलिक्सची गोष्ट हाफ-लाइफ २ च्या आधी घडते, म्हणून तो आधी घ्यावासा वाटेल. तसं करू नका. एपिसोड टू संपतो तिथे ज्या धक्क्याने तुम्ही स्तब्ध होता, तो मनात ताजा असतानाच अ‍ॅलिक्स सुरू करा. आमच्या वाट्याला मध्ये तेरा वर्षं आली. तुम्हाला दुसऱ्या दिवशी हेडसेट चढवता येईल.