विचारायलाच पाहिजे होतं

पन्नाशी उलटलेले, बेळगावच्या वडगावातले एक विणकर थोरल्या मुलीला घेऊन गुरुवारी सकाळी माझ्याकडे समुपदेशनासाठी आले. घरातल्या यंत्रमागांपैकी चार धाकट्या भावानं त्यांना न सांगता विकले, त्याला आठ महिने झाले होते. छाती आवळते, पहाटे तीनला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही. ईसीजी नॉर्मल. ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत.

माणसाचे विचार कागदावर लिहून तपासायला घेण्याआधी बाकीची चौकशी करावीच लागते. भूक कशी आहे, दारू किती, कामात मन लागतं का आणि जीव नकोसा होतो का. हा शेवटचा प्रश्न आडवळणानं विचारू नये. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक गेली असेल, कशातच रस उरला नसेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञ. बेळगावात आहेत, धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्थाही फार लांब नाही. मरणाचे विचार असतील तर वही बाजूला ठेवायची, माणसाला एकटं सोडायचं नाही आणि घरच्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्यायचा. तो मोफत आहे, भाषा निवडता येते. या गृहस्थांची भूक शाबूत होती, माग रोज चालत होता, मरणाचा विचार नव्हता. झोपेसाठी डॉक्टरांना भेटायचं ठरवून आम्ही कामाला लागलो.

"भावानं दगा दिलाय मला," हे त्यांचं पहिलं वाक्य. मी कागदावर तीन रकाने आखले: काय घडलं, मनात काय म्हणालो, काय वाटलं. पहिल्या रकान्यात फोटोत दिसेल तेवढंच लिहायचं असतं. 'दगा' फोटोत दिसत नाही. 'भावानं चार माग विकले. मला सांगितलं नाही,' एवढ्या दोन ओळींवर यायला पंधरा मिनिटं गेली. इथे घाई केली की पुढचा सगळा वेळ भाऊ चूक की बरोबर, यातच जातो. तिसऱ्या रकान्यात संताप दहापैकी नऊ, दुःख तीन.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ही पद्धत मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. घटनेमुळे दुःख होतं, पण माणूस जळत राहतो तो घटनेला लावलेल्या हट्टामुळे, हा तिचा गाभा. मराठीत हा हट्ट कानाला चटकन कळतो, कारण तो 'च'मध्ये बसलेला असतो.

"थोरला भाऊ हाय मी. त्यानं मला विचारायलाच पाहिजे हुतं का न्हाई?"

ते वाक्य मी जसंच्या तसं मधल्या रकान्यात लिहिलं आणि त्यातल्या 'च'खाली रेघ ओढली. मग विचारलं, "विचारायला पाहिजे होतं आणि विचारायलाच पाहिजे होतं, यात तुम्हाला काही फरक वाटतो?" ते गप्प. दिवसभर कानडी विणकरांत वावरणारा माणूस, हीच दोन वाक्यं कानडीत स्वतःशी पुटपुटला, "केळबेकित्तु… केळलेबेकित्तु." कानडीतला तो 'ले' म्हणजे आपला 'च'च. 'ले' म्हणताना त्यांच्या हाताची मूठ वळली होती, ती त्यांची त्यांनाच दिसली.

एक चूक इथे माझ्याकडून झाली. मागावर तार तुटली की तुम्ही माग थांबवून गाठ मारता, तुटायला नको होती म्हणून भांडत बसत नाही, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. "तार काय भाऊ हाय व्हय मॅडम?" खरं आहे. असे दाखले सल्ल्यासारखे लागतात आणि माणूस मिटतो. प्रश्नच विचारावेत.

प्रश्न तीन प्रकारचे. पुरावा: त्यानं विचारावं ही तुमची इच्छा रास्त आहे, पण त्यानं विचारलंच पाहिजे असा नियम जगात असता तर तो मोडता आला असता का? तर्क: मला हवं होतं, म्हणून ते झालंच पाहिजे होतं, हे जुळतं का? उपयोग: हे वाक्य पहाटे तीनला उगाळून हाती काय येतं? बहुतेकांना तिसरा प्रश्न आधी भिडतो. त्यांनाही तोच भिडला. सोबत मी आणखी एक प्रश्न जोडते: हा विचार मनात आलाच नाही, तर उद्या सकाळी मागावर बसलेले तुम्ही कसे असाल? त्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत.

वाक्य उलटं करून पाहण्याचीही एक रीत आहे, 'मीच त्याला विचारायला हवं होतं' अशी. ती मी जपूनच वापरते. मारहाण किंवा छळ सोसलेल्या बाईला ती दिली तर तिच्याच माथी दोष मारल्यासारखं होतं.

नवं वाक्य समुपदेशकानं देऊ नये. 'जे होतं ते चांगल्यासाठीच' असलं गोड वाक्य घरी पोचेपर्यंत विरघळतं. त्यांनी स्वतः सांगितलं ते असं: "त्यानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. न्हाई विचारलं. लई वाईट वाटतंय. तरी मी माझा माग चालवीन." पुन्हा आकडे विचारले. संताप पाचवर आला होता, दुःख सातवर चढलं होतं. टॉवेलात तोंड घालून ते रडले. मुलगी घाबरली, तिला वाटलं बिघडलं. पण व्हायला हवं ते हेच. संतापाखाली दबलेलं दुःख वर येतं, आणि दुःख घेऊन माणूस झोपू शकतो, कामाला जाऊ शकतो. दुःखही शून्यावर आणायला गेलं की माणूस खोटं बोलायला लागतो.

निघताना त्यांनी विचारलं, "म्हंजे माझा वाटा सोडू व्हय?" हा गैरसमज जवळजवळ प्रत्येकाचा होतो. घडलं ते घडलं हे मान्य करणं आणि ते योग्य ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी. मागांवरचा हक्क वकिलाकडे विचारायचाच, हे मी स्पष्ट सांगितलं. घरचा अभ्यास म्हणून रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं, एक कागद, एकच प्रसंग. पहाटे जाग आल्यावर लिहायचं नाही, तेव्हा डोकं फक्त फिर्याद लिहितं.

पुढच्या गुरुवारी घडी घातलेले पाच कागद आले. दोन रात्री राहून गेल्या होत्या. चौथ्या कागदावर भाऊ नव्हताच. मुलीनं चहा द्यायला उशीर केला होता, आणि 'लगेच' या शब्दातल्या 'च'खाली त्यांनी चुकून रेघ ओढून ती खोडली होती. खरा 'च' पुढच्या ओळीत त्यांना सापडला होता. झोप साडेचारपर्यंत लांबली होती.

भावाशी बोलणं झालं नव्हतं. "वकिलाकडं गेल्तो," ते म्हणाले. "सगळं सांगितलं. आवाज चढला न्हाई."