आमची वाटचाल: चार तारा आणि बायकांची गाणी

सुरुवात दोघींनी केली, मी आणि माझी मैत्रीण. तिच्याकडे सोप्रानो युकुलेले, म्हणजे गिटारसारखं दिसणारं चार तारांचं छोटंसं वाद्य होतं, माझ्याकडे एक माइक आणि जुना लॅपटॉप, बाकी काही नव्हतं. ज्या गाण्यांनी आम्हाला कधी ना कधी उभं केलं ती बायकांची गाणी युकुलेलेवर बसवायची, रेकॉर्ड करायची आणि ज्यांना हवंय त्यांना शिकवायची, एवढंच डोक्यात होतं. सगळे म्हणायचे एवढंसं वाद्य, त्यावर असली दणदणीत गाणी कशी पेलणार.

आणि पहिले काही महिने ती खरंच पेलली नाहीत. ग्लोरिया गेनॉरचं १९७८ चं 'आय विल सर्व्हाइव्ह' घेतलं आणि डिस्कोचा सगळा जोर चार तारांतून काढायला गेलो, बोटं सोलवटली पण गाणं काही उभं राहिना. मग एका रात्री मैत्रिणीने कंटाळून तेच गाणं एकदम संथ, एकेक तार छेडत म्हटलं आणि आम्ही दोघी गप्प झालो. त्याच्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट, तशा हाताला सोप्या, ए मायनर, डी मायनर, जी, सी, एफ असं फिरत जायचं, पुढे जी अवघड नावाची बी ची कॉर्ड येते तिच्यासाठी डी मायनरच्या आकारात फक्त ए तारेवर दुसऱ्या फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या पट्ट्यांमधल्या दुसऱ्या घरात, एक बोट वाढवायचं, आणि ई ऐवजी ई सेव्हन धरायची. नव्या मुलींना हे दाखवलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

नंतर कळलं की वाद्याचं लहानपण हाच फायदा आहे. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये, म्हणजे वरची 'जी' (G) सुराची तार उंच सुरात लावलेली असते तेव्हा, युकुलेलेचा सगळ्यात खालचा सूर मधला सी, म्हणजे पियानोच्या मधोमध येणारा सी, त्याच्या खाली काही नाहीच. म्हणजे बाईचा खालचा, भरदार आवाज एकदम मोकळा राहतो, त्याला झाकायला कोणी नसतं. तेव्हापासून आम्ही आधी गाणारीचा आवाज ऐकतो, तिची पट्टी ठरवतो आणि मग कॉर्ड लिहितो. मूळ पट्टीत ओढून ताणून गायला लावणं मला चुकीचंच वाटतं.

कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीने गाणं, ही नक्कलच असं अजूनही कोणी म्हटलं की मी 'रिस्पेक्ट'ची गोष्ट सांगते. ते गाणं ओटिस रेडिंगने लिहिलं, १९६५ मध्ये स्वतः गायलं, त्यात पुरुष घरी आल्यावर मान मागतो. अरेथा फ्रँकलिनने १९६७ मध्ये ते गायलं, शब्दाची एकेक अक्षरं सुटी करून म्हटली, मागे बहिणींचा आवाज घेतला आणि मागणाराच बदलला. आज ते बायकांचं गाणं म्हणूनच ओळखलं जातं. आमचं अख्खं काम मला त्या एका कव्हरवर उभं आहे असं वाटतं.

धंद्याच्या बाजूने आम्ही कच्च्या होतो. ऑडिओ कव्हरचं लायसन्स काढलं आणि वाटलं झालं, पण व्हिडिओसाठी पब्लिशरची, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीची, वेगळी परवानगी लागते हे माहीतच नव्हतं, मेहनतीने केलेले व्हिडिओ खाली काढावे लागले, त्या आठवड्यात मी खूप रडले. शिकवायच्या कागदावर शब्द छापायचे तरी परवानगी लागतेच. आता गाणं ठरलं की पहिलं काम हक्क कोणाकडे आहेत ते शोधणं, बोटं नंतर.

आता आम्ही चौघी आहोत, रेकॉर्डिंगपेक्षा शिकवण्याचं काम जास्त आहे. सध्या डॉली पार्टनचं १९८० चं 'नाइन टू फाइव्ह' चाललंय. त्यातला टाइपरायटरसारखा ताल तिने स्वतःच्या लांब नखांवर वाजवलेला, म्हणून आम्ही तोच ताल युकुलेलेच्या लाकडावर नखांनी वाजवतोय. माइक जवळ घेतला की तारा दबतात, लांब नेला की नखं ऐकूच येत नाहीत, काल संध्याकाळपर्यंत अकरा टेक झाले, उद्या दोन माइक लावून बघणार आहोत.