टेबलावर राहिलेली पुस्तकं

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका लहान पदवी कॉलेजात मी सतरा वर्षं ग्रंथपाल आहे. पुस्तकं जेमतेम अकरा हजार, मदतीला एक शिपाईमामा, आणि जून लागला की मागच्या भिंतीला ओल. दर मे महिन्यात स्टॉक व्हेरिफिकेशन असतं. दाखल नोंदवही उघडायची, रॅकवरचं एकेक पुस्तक काढून नंबर पडताळायचा, गहाळ झालेली वेगळी लिहायची, बाद करायची वेगळी. केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांत हजार पुस्तकांच्या वापरामागं पाच गहाळ होणं रास्त मानलंय, आमची कमिटीही तोच हिशेब धरते. गहाळ पुस्तकांनी माझी झोप कधी उडवली नाही. बाद केलेल्यांनी उडवली.

२०१८ साली कपाटं भरून वाहत होती. मी सरळ नियम लावला: पुस्तक घरी देताना शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारतात, दहा वर्षांत तसा एकही शिक्का नसेल, तर पुस्तक बाद. यादी झाली, सह्या झाल्या, नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं ‘बाद’ लिहिलं, रद्दीवाला येऊन वजन करून घेऊन गेला. त्यात साठेक मराठी पुस्तकं होती. कादंबऱ्या नव्हेत. अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, महाराष्ट्रातल्या बी.ए.च्या मुलांसाठी लिहिलेली. आमच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ती नव्हती, म्हणून माझा हात अडखळला नाही.

ऑगस्टमध्ये बी.ए. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी काउंटरशी आली. “मॅडम, ते निळं पुस्तक कुठं गेलं? मराठीतलं, अर्थशास्त्राचं. खिडकीजवळच्या रॅकला असायचं की.”

मी चिठ्ठ्या बघितल्या होत्या, तिला बघितलं नव्हतं. ती वर्षभर त्याच खिडकीशी बसत होती. दहावीपर्यंत मराठी शाळा, इथं पेपर इंग्रजीत. डाव्या हाताला इंग्रजी टेक्स्टबुक, उजव्या हाताला ते निळं पुस्तक. ‘इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड’ वाचून अडली की उजवीकडं वळायची. तिथं ‘मागणीची लवचिकता’, आणि खाली मिठाचं उदाहरण: मीठ महागलं म्हणून कुणी आमटीत कमी घालत नाही. मग परत डावीकडं येऊन इंग्रजीत उत्तर लिहायची.

मग ते पुस्तक तिनं घरी का नेलं नाही? कारण एका विद्यार्थ्याला दोनच कार्डं. दोन्ही कार्डांवर परीक्षेची इंग्रजी पुस्तकं जातात, जाणारच. मराठी पुस्तक वाचायचं ते बसूनच, साडेचारच्या एस.टी.पर्यंत. म्हणून त्याची चिठ्ठी कोरी. सगळ्यात जास्त हाताळलेल्या पुस्तकांपैकी ते एक होतं आणि मी ते किलोवर घातलं. तिला मी खरं सांगितलं. ती फक्त “बरं मॅडम” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मामांना सांगितलं, टेबलावर राहिलेलं पुस्तक थेट रॅकला लावायचं नाही. एक दोनशे पानी वही आणली. रोज संध्याकाळी टेबलावर जे पडलेलं असेल त्याचा दाखल क्रमांक लिहायचा, पुढं एक रेघ मारायची. मामांनी पहिल्या आठवड्यात कुरकुर केली, आता ते माझ्याआधी वही उघडतात. दोन-तीन महिन्यांत चित्र दिसायला लागलं. मला वाटलं होतं रेघा ८९१.४६ या विषय क्रमांकाला, म्हणजे मराठी साहित्याला जास्त पडतील. पडल्या त्या ३३० आणि ९५४ मधल्या मराठी पुस्तकांना. अर्थशास्त्र आणि भारताचा इतिहास.

खरेदीच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: “सिलॅबसला आहे का?” ग्रँट थोडी, त्यामुळं प्रश्न चुकीचा नाही. पण २०२१ मध्ये चार वर्षांच्या पदवीचं नवं शैक्षणिक धोरण आलं तेव्हा आम्ही एकेका टेक्स्टबुकाच्या पंधरा-पंधरा प्रती घेतल्या, आणि २०२४ मध्ये राज्य सरकारनं पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. त्यातल्या बऱ्याच प्रती आज कोऱ्या करकरीत उभ्या आहेत. मी ती वही आणि त्या प्रती दोन्ही टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, पंधराऐवजी आठ घेऊया, उरलेल्या पैशांत मराठी संदर्भाची घेऊया. मान्य झालं. आमचे नेहमीचे विक्रेते इंग्रजी आणि कन्नडच पुरवतात, म्हणून मराठीसाठी कोल्हापूरहून वेगळं कोटेशन मागवते. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्र परिभाषा कोश घेतला, तो घरी द्यायचा नाही असं ठरवलं.

यात कुणी भाषेचा वाद आणू नये एवढी विनंती. त्याच टेबलावर कन्नड-मराठी शब्दकोशाची पाठ दोनदा सुटली आणि दोनदा बांधून घेतली. इथं नोकरी करायची तर कन्नड लागतं हे मराठी मुलांना पक्कं कळतं. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या वर्गीकरणात मराठी साहित्य ८९१.४६ आणि कन्नड ८९४.८१४. आमच्या रॅकवर या दोघांच्या मधे ८९१.७ ची थोडी जुनी रशियन पुस्तकं येतात, बस्स. मुलं दोन्हीकडं हात घालतात.

देणग्यांबद्दल थोडंच सांगते. वारलेल्या गुरुजींची पुस्तकं घेऊन त्यांची मुलं येतात, चार-चार पोती. मी त्यांच्यासमोर बसून एकेक उघडते. वाळवी लागलेलं एकही आत घेत नाही, कारण एका पुस्तकापायी अख्खं कपाट जातं. पण गावच्या शाळेच्या शतक महोत्सवाची स्मरणिका किंवा सोसायटीचे जुने अहवाल निघाले, तर ते आधी घेते. ते पुन्हा विकत मिळत नाहीत.

या मे महिन्यात बाद करायच्या यादीत चाळीस नावं होती. वही शेजारी ठेवून तपासली, नऊ परत काढून घेतली. निळं पुस्तक मला कोल्हापुरात जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालं, आवृत्ती वेगळी, कव्हर हिरवं. तोवर ती मुलगी पास होऊन गेली होती. ते खिडकीजवळच्या रॅकलाच लावलंय. त्याच्या चिठ्ठीवर अजून एकही शिक्का नाही. वहीत गेल्या महिन्यात अकरा रेघा आहेत.