तुम्ही विचारलेत म्हणून: मी चांगल्या माणसाला ‘या’ असे का म्हणत नाही

फ्रीमेसनरी या बंधुसंघटनेने तुमचे भले केले असे तुम्ही म्हणता, मग ओळखीतल्या सज्जन माणसाला तिच्यात या असे सरळ का म्हणत नाही, हा प्रश्न मला घरचे विचारतात, मित्र विचारतात आणि अलीकडे लॉजमधले, म्हणजे तिच्या आमच्या शाखेतले, तरुण बंधूही (सदस्यही) विचारतात. मी अहंकारी आहे किंवा काही लपवतो आहे, असा संशय त्यामागे असतो, आणि तो मला लागतो.

दीक्षेपूर्वी उमेदवाराला जाहीर करावे लागते की मित्रांच्या गैरवाजवी आग्रहामुळे किंवा लाभाच्या आशेने नव्हे, तर मी स्वतःच्या इच्छेने येथे आलो आहे. मी त्याला ओढून आणले असेल, तर हे विधान खोटे ठरते आणि ते खोटे मीच त्याच्याकडून वदवून घेतलेले असते. कोणालाही स्वतःहून बोलावू नये हा नियम आता इतका कडक नाही, असे मला ऐकवले जाते. ते खरे आहे. इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजने, म्हणजे तिथल्या लॉजेसच्या मध्यवर्ती संस्थेने, १९८१ मध्ये स्पष्ट केले की योग्य वाटणाऱ्या माणसाकडे तटस्थ शब्दांत विषय काढायला हरकत नाही. त्याला एकदा आठवणही करून देता येते, मात्र पुढचा निर्णय त्याचा त्यालाच घेऊ द्यावा. बरीच वर्षे मला एवढे पुरेसे वाटत होते.

माझ्या हाताखाली काम करणाऱ्या एका तरुणामुळे ते अपुरे वाटू लागले. मी काही ठरावीक संध्याकाळी कुठे जातो, हे त्यानेच विचारले होते, अर्जही त्यानेच मागितला होता आणि प्रस्तावक म्हणून मी आनंदाने सही केली होती. मुलाखतीत समितीने त्याला मेसन का व्हायचे आहे असे विचारले, तेव्हा तो निःशंकपणे म्हणाला, ‘सर जिथे आहेत ती जागा वाईट असणार नाही. मला तेवढे पुरे आहे.’ त्याला बाहेर बसवल्यावर ज्येष्ठांनी मला अर्ज तूर्त थांबवायला सांगितले. मी तावातावाने वाद घातला: मी त्याला एकदाही बोलावले नव्हते, एका शब्दानेही गळ घातली नव्हती. त्यातले प्रत्येक वाक्य खरे होते आणि आजही खरे आहे. ‘बोलावले नाहीत हे मान्य आहे,’ त्यांच्यापैकी एक जण म्हणाले, ‘पण उद्या तुम्ही लॉज सोडलीत, तर हा इथे राहील का?’ मला उत्तर देता आले नाही. त्या तरुणाने मात्र आपण नालायक ठरलो असा अर्थ घेतला. तसे नाही हे मी त्याला सांगितले, पण पुन्हा अर्ज कर असे म्हणणे म्हणजे आग्रहच झाला असता, म्हणून पुढचे वाक्य मी गिळले. त्याने तो विषय परत काढला नाही.

माझ्यातला जुना माणूस अजूनही भांडतो. अर्जाला प्रस्तावक आणि अनुमोदक लागतात, म्हणजे ओळख हवीच, आणि ओळख आली की प्रभाव आलाच. मग स्वेच्छा निर्भेळ कशी असेल? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

आता कोणी विचारले की सदस्यांनी एकमेकांना ओळखण्याच्या खुणा सोडून मी सगळे सांगतो: वर्गणी, सभांना द्यावा लागणारा वेळ, विधींचे पाठांतर, ईश्वरावरील श्रद्धेची अट, लॉजमध्ये राजकारणावर आणि धर्मावर वाद घालण्यास असलेली मनाई, आणि धंद्यात किंवा नोकरीत येथून काही मिळणार नाही हेही. घरी बोलून घ्यायला सांगतो. ज्यांचा माझ्याशी फारसा संबंध नाही अशा बंधूंशी गाठ घालून देतो आणि स्वतः तिथून निघून जातो, कारण माझ्यासमोर तो त्यांना अडचणीचे प्रश्न विचारणार नाही. अर्ज मात्र त्याने मागावा लागतो. या संथपणामुळे काही चांगल्या माणसांना आम्ही मुकलो असू, आणि त्याचे मला खरोखर वाईट वाटते.

त्या तरुणाला एकदा आठवण करून द्यायला नियमाची आडकाठी नाही. तरीही मी ती करत नाही, कारण तो लगेच होकार देईल आणि तो होकार मला असेल.