दुसरा डंख

लातूर जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी असताना, तूर फुलोऱ्यात आलेल्या दिवसांत, एका शेतकऱ्याला त्याच्या थोरल्या भावाने मोटारसायकलवर आणले. मानेवर मधमाशीचा एकच डंख होता, पण त्यातून गंभीर ॲलर्जी उसळली होती. तोवर अंगभर गांधी उठल्या होत्या, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता आणि वरचा रक्तदाब ७० पर्यंत उतरला होता. वाटेत एका दवाखान्यात त्याला ॲव्हिल (ॲलर्जीवरचे औषध) आणि डेक्सोना (स्टेरॉइड) मिळाले होते. आपल्याकडे सवयीने दिल्या जाणाऱ्या या औषधांपैकी ॲव्हिल खाज आणि गांधी कमी करते, डेक्सोनाचा परिणाम व्हायला काही तास लागतात. कोसळणारा रक्तदाब सावरण्याचे आणि आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करण्याचे काम मात्र ॲड्रेनॅलिनच करते.

त्याला आडवे करून पाय उंच केले, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अर्धा मिलिलिटर ॲड्रेनॅलिन दिले आणि ऑक्सिजन व सलाइन सुरू केले. पाच मिनिटांनंतरही नाडी क्षीणच होती, म्हणून तोच डोस पुन्हा दिला. थोड्या वेळाने तो पुटपुटला, "हात थरथरायलेत." ती थरथर औषधाची होती, आणि मनगटावर नाडी आता स्पष्ट लागत होती.

भावाचा प्रश्न रास्त होता. "साहेब, मागच्या सालीबी ह्याला चावली होती, तवा नुसतं सुजलं होतं. आताच असं कसं?"

मी सांगितले की घोळ त्या मागच्या डंखातच होता. त्या वेळी शरीराने विषातील प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार केली आणि ती त्वचा, श्वसनमार्ग व आतड्यांतील मास्ट पेशींवर (ॲलर्जीची रसायने साठवणाऱ्या पेशींवर) जाऊन बसली. या खेपेस तीच प्रथिने शेजारशेजारच्या प्रतिपिंडांना एकदम चिकटताच त्या पेशींनी हिस्टामिनसारखी रसायने काही मिनिटांत सोडली. त्या रसायनांमुळे रक्तवाहिन्या सैलावून पाझरू लागतात आणि श्वासनलिका आवळतात. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे यांनी १९०२ मध्ये दुसऱ्या खेपेचा असाच घात कुत्र्यांमध्ये पाहिला होता: समुद्रफूल (सी ॲनिमोन) या समुद्री प्राण्याच्या विषाची पहिली मात्रा पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या अल्प मात्रेने दगावला. या संशोधनासाठी त्यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

बरे वाटताच तो घरी निघण्याची घाई करू लागला, पण लक्षणे काही तासांनी पुन्हा उसळू शकतात, म्हणून रात्रभर ठेवून घेतले. सकाळी सोडताना केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहून दिले: "मधमाशीची गंभीर ॲलर्जी. डंख झाल्यास प्रथम ॲड्रेनॅलिन, मांडीत." तो कागद कोणत्याही डॉक्टरला आधी दाखवायचा, हे भावाकडून दोनदा वदवून घेतले.