हरणीचे तिसरे वेत

संक्रांतीच्या पहाटे साडेचारच्या सुमारास आईने मला हलवून उठवले. तिच्या हातात कंदील होता आणि आवाज अगदी हळू होता. "हरणी उठना झालीया," ती म्हणाली, "कान गार पडल्यात तिचं." आदल्या दिवशी, भोगीच्या संध्याकाळी, आमची गाय हरणी व्यायली होती. कालवड झाली होती, वासरामागून पडणारी वार वेळेत पडली होती आणि रात्री दहा वाजता मी गोठ्याचे दार ओढून घेतले तेव्हा ती गव्हाणीशी उभी राहून वैरण खात होती. त्यामुळे आई काय सांगते आहे हे कळायला मला क्षणभर वेळ लागला.

गोठ्यात गेलो तर हरणी बसलेली होती आणि मान वळवून तोंड कुशीला टेकवले होते. त्या वळलेल्या मानेला नागमोडी बाक आला होता. मी मान धरून सरळ केली, तर हात काढताच ती पुन्हा कुशीकडे गेली. नाकपुडीवर हात ठेवला. एरवी तिथे सतत दवासारखे थेंब असतात, त्या जागी कोरडी, खरखरीत कातडी लागली. डोळे उघडे होते, पण मी समोर हात हलवला तरी पापणी नीट लवत नव्हती. मागे शेण पडलेले नव्हते आणि डावी कूस फुगू लागली होती. माझ्या गोठ्यात लहानमोठी मिळून आठ जनावरे आहेत आणि त्यांच्यात माझी पंधरा वर्षे गेली आहेत, पण उभे दुभते जनावर सहा तासांत असे विझत गेलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो.

हरणी ही नोंदणी असलेली शुद्ध जर्सी आहे, आणि हे मुद्दाम सांगायला हवे, कारण आमच्या भोगावतीकाठच्या गावांत तांबूस रंगाची कोणतीही संकरित गाय 'जर्सी' म्हणूनच ओळखली जाते. मी हरणीला कालवड असताना विकत घेतले तेव्हा तिच्याबरोबर वंशावळीचा कागद मिळाला. त्यावर तिच्या बापाचा क्रमांक, आईचा क्रमांक, दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे क्रमांक, आणि आईने 305 दिवसांच्या वेतात दिलेले दूध व त्याची फॅट अशा नोंदी आहेत. या जातीचे मूळ ज्या जर्सी बेटावर आहे, ते इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या मधल्या इंग्लिश खाडीतले एक चिमुकले बेट आहे. तिथे 1789 मध्ये बाहेरची गुरे आणण्यावर बंदी घालणारा कायदा झाला, 1866 मध्ये वंशावळीची नोंदवही सुरू झाली, आणि 2008 पर्यंत बाहेरच्या वळूचे वीर्यसुद्धा बेटावर येऊ दिले जात नव्हते. बेटावरच्या शेतकऱ्यांनी इतक्या पिढ्या जपलेले रक्त आपल्या दावणीला आले आहे, तर निदान नोंदी तरी नीट ठेवाव्यात, या विचाराने मी पहिल्या दिवसापासून हरणीची स्वतंत्र वही केली.

त्या वहीत या वेताची सुरुवात 10 एप्रिलच्या पानावर आहे. त्या दिवशी सकाळी धारेच्या वेळी ती हंबरत होती, दुसरी गाय अंगावर चढली तरी स्थिर उभी राहत होती आणि चिकट स्रावाचा स्वच्छ काचेसारखा सोट लोंबत होता. सकाळी माज, म्हणजे गाय गाभण राहू शकते ती वेळ, दिसला तर संध्याकाळी भरवायचे, म्हणजे कृत्रिम रेतन करायचे, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम आम्ही पाळतो, म्हणून रेतन करणाऱ्यांना सायंकाळी बोलावले. द्रवरूप नायट्रोजनच्या उणे 196 अंशांच्या भांड्यातून त्यांनी रेताची कांडी चिमट्याने उचलली, 37 अंशांच्या कोमट पाण्यात तीस सेकंद धरली, कोरडी पुसली आणि मगच गनमध्ये भरली. रिकामी कांडी मी मागून घेतली. पाव मिलिलिटरच्या त्या नळीवर जात, वळूचा क्रमांक आणि वीर्यकेंद्राची खूण छापलेली असते. ती कांडी मी वहीच्या पानाला चिकटपट्टीने लावून ठेवतो, म्हणजे उद्या या कालवडीला भरवताना तिच्या बापाचेच रेत पुन्हा वापरले जाणार नाही. दूध वाढेल म्हणून होल्स्टीनचे रेत भरा, असा सल्ला मला दरवर्षी मिळतो. मी तो घेत नाही. हरणीचे दूध दिवसाला बारा-तेरा लिटरच असते, पण संकलन केंद्रावर तिची फॅट पाचच्या खाली क्वचित येते आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, नऊच्या आसपास राहते. जिथे फॅट आणि एसएनएफवर दर ठरतो, तिथे चारशे किलोच्या आतबाहेर वजनाची, मोजके खाणारी ही गाय मला पुरेशी आहे. कोल्हापूर म्हशीच्या दुधाचे गाव आहे. रात्री दूधकट्ट्यावर समोर पिळलेले धारोष्ण दूध पिणाऱ्या माणसाला गाईचे दूध पातळच वाटते. तरीही हरणीच्या दुधाची पिवळसर साय पाहिल्यावर माझ्या मामांनी पुन्हा कधी तसे म्हटले नाही.

एप्रिलच्या दहा तारखेपासून 279 दिवस मोजले की जानेवारीची चौदा तारीख येते. ती एक दिवस आधी व्यायली. कालवड चोवीस किलोची होती. तासाभरात ती उठून सड शोधू लागली, आणि मी पहिल्या दोन तासांत तिला सव्वादोन लिटर चीक बाटलीने पाजला. इथपर्यंत सगळे नीट झाले होते. चूक त्यानंतर झाली, आणि ती माझ्या हातून झाली.

घरात भोगीची भाकरी आणि मिसळीची भाजी झाली होती, दुसऱ्या दिवशी संक्रांत होती, आणि शेजारच्या चार घरांतून खरवसासाठी भांडी आली होती. चीक मागणाऱ्याला नाही म्हणणे आमच्याकडे बरे समजत नाहीत. शिवाय कासेत दूध राहिले तर दगडी, म्हणजे कासेला सूज, होते, असे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. मी हरणीची कास गरम पाण्याने शेकली, ती पान्हावली, आणि चारही सड रिकामे होईपर्यंत मी धार काढली. कालवडीचा धरून एकूण नऊ लिटर चीक निघाला. घट्ट, हळदीसारखा पिवळा चीक बादलीत पडताना मला फार समाधान वाटत होते, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण त्याच वेळी तिच्या रक्तातून काय निघून जात होते याची मला कल्पना नव्हती.

पहाटे डॉक्टरसाहेबांना फोन लावला. त्यांनी तीनच प्रश्न विचारले: कितवे वेत, व्यायला किती तास झाले, आणि मान कुठे आहे. माझी उत्तरे ऐकून ते म्हणाले, "मिल्क फिवर आहे, निघतोच. तोवर तिला आडवी पडू देऊ नका आणि तोंडाने काही म्हणजे काही पाजू नका." मिल्क फिवर म्हणजे व्यायल्यावर गाईच्या रक्तातले कॅल्शियम एकदम उतरते तो आजार. त्या वेळी आई चुलीवर गूळ, सुंठ आणि ओव्याचा काढा उकळत होती. तिच्या आईने, आजीने असाच पाजला होता. मी तिला थांबवले, तेव्हा तिचा चेहरा उतरला. पण डॉक्टरांचे कारण साधे होते: हातापायांच्या स्नायूंसारखीच घशाची ताकदही गेलेली असते, आणि पाजलेला काढा पोटाऐवजी फुप्फुसात उतरू शकतो. आम्ही दोघांनी पोत्यांत पाचट भरून ती तिच्या दोन्ही अंगांना लावली आणि तिला छातीवर बसती ठेवली. अंगावर घोंगडे टाकले. माझी पत्नी कालवडीला कोपऱ्यात घेऊन बसली, कारण ती सारखी हरणीकडे ओढ घेत होती.

डॉक्टरसाहेब साडेपाचच्या आत आले. थर्मामीटरमध्ये 97 अंश भरले, म्हणजे गाईला जे साडेएकशेएक असायला हवे, त्याच्या साडेचार अंश खाली. नावात ज्वर असला तरी या आजारात अंग तापत नाही, उलट गार पडते, हे मी पुस्तकात वाचले होते, हाताला मात्र त्या दिवशी कळले. त्यांनी कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची 450 मिलिलिटरची बाटली माझ्या हाती देऊन आधी कोमट पाण्यात धरायला सांगितली. मग मानेची शीर अंगठ्याने दाबून फुगवली, सुई घातली, बाटली उंच धरायला मला दिली, आणि स्वतः गुडघ्यावर बसून स्टेथोस्कोप डाव्या कोपरामागे लावला. जवळजवळ वीस मिनिटे त्यांनी कानातून ती नळी काढली नाही. कॅल्शियम घाईने सोडले तर हृदयच थांबू शकते, म्हणून ते ठोक्यांवर लक्ष ठेवून होते. मध्येच एकदा त्यांनी बोट वर केले, तेव्हा मी बाटली खाली घेतली, आणि त्यांनी मान हलवल्यावर पुन्हा उंच केली. बाटलीत बुडबुडे एकामागून एक वर जात होते. मी आजवर इतक्या लक्षपूर्वक कोणत्याच गोष्टीकडे पाहिलेले नाही.

बाटली निम्म्यावर आली तेव्हा हरणीच्या मागच्या मांडीची कातडी थरथरली. मग ती थरथर कुशीवरून खांद्याकडे सरकली. "लागू पडतंय," डॉक्टर म्हणाले. थोड्या वेळाने तिने मोठी ढेकर दिली आणि गोठ्यात आंबूस वास पसरला. बाटली संपत आली तेव्हा तिची मान आपोआप सरळ झाली होती, आणि कंदिलाच्या उजेडात तिच्या काळ्या नाकपुडीवर बारीक थेंब उमटताना मला स्पष्ट दिसले. त्यानंतर ती बसल्या जागीच शेणाची पो टाकून मोकळी झाली. डॉक्टरांनी दुसरी बाटली कातडीखाली दोन-तीन ठिकाणी थोडी थोडी सोडली, कारण अशा गाईंपैकी चारात एखादी तरी एक-दोन दिवसांत पुन्हा बसते.

चहा घेताना त्यांनी मला वही आणायला सांगितली आणि आटवल्यापासूनची, म्हणजे व्यायच्या आधी धार बंद केल्यापासूनची, पाने वाचली. दररोज शंभर मिलिलिटर पातळ कॅल्शियम, अशी नोंद दोन महिने सलग होती. मी त्यामागचा विचार सांगितला. कारखान्यांचा हंगाम सुरू असला की आमच्याकडे वैरण म्हणजे उसाचे वाडे, उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला. वाड्यात ऑक्झलेट असते, ते कॅल्शियमला बांधून ठेवते, हे मला माहीत होते, म्हणून मी वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडत होतो आणि वर बाटलीही पाजत होतो. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "दादा, औषध बरोबर, पण वेळ चुकली. आटलेल्या गाईला आयते कॅल्शियम मिळत राहिले की हाडांतून ते काढायची तिच्या शरीराची सवय सुस्तावते. व्यायल्यावर गरज एकाएकी वाढते, आणि ती व्यवस्था जागी व्हायला दोन-तीन दिवस लागतात."

मग त्यांनी वहीच्या कडेलाच हिशोब मांडला. एक लिटर चिकात सुमारे 2.3 ग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे नऊ लिटरमध्ये वीस ग्रॅमच्या वर. गाईच्या रक्तात एका वेळी फिरणारे सगळे कॅल्शियम मात्र जेमतेम तीन ग्रॅम. एका धारेत मी त्याच्या सात पट बाहेर काढले होते. त्यात तिसरे वेत, आणि त्यात जर्सी. वय वाढते तसे हाडांतून आणि आतड्यांतून कॅल्शियम घेण्याची ताकद कमी होते, आणि जर्सीच्या आतड्यात ड जीवनसत्त्वाला प्रतिसाद देणाऱ्या जागा होल्स्टीनपेक्षा मुळातच कमी असतात. ज्या दाट दुधासाठी मी ही जात धरली, त्याच दुधात कॅल्शियमही जास्त जाते. वंशावळीच्या कागदावर फॅटचा आकडा आहे, आईच्या दुधाचा आकडा आहे, पण तिची आई कोणत्या वेताला अशी बसली होती का, हा रकाना त्यावर नाही. माझ्या वहीत तो आता आहे.

सकाळी सातच्या सुमारास हरणीने मागचे पाय गोळा केले, एकदा प्रयत्न करून पुन्हा बसली, आणि दुसऱ्या झटक्यात उभी राहिली. पाय लटपटत होते. मी शेपटीच्या मुळाशी आधार देऊन उभा होतो आणि आई समोरून तिच्या कपाळावर हात ठेवून होती. कालवडीला सोडले, तशी ती थेट कासेला लागली.

त्या दिवशी मी दोन्ही वेळा कालवडीपुरतीच, दोन-दोन लिटर, धार काढली, आणि पूर्ण पिळायला तिसऱ्या दिवशी सुरुवात केली. कास घट्ट राहिली, पण सडातून दर वेळी पहिल्या धारा काळ्या फडक्यावर घेऊन पाहिल्या, गाठी कुठेच दिसल्या नाहीत. तिळगूळ द्यायला आलेल्यांनी खरवसाची चौकशी केली, त्यांना मी या वेळी आणखी चीक मिळणार नाही असे सांगितले. आदल्या रात्रीचा जो वाटला होता, तो घरोघर शिजलाही होता. आमच्या वाटणीचा खरवस आईने केला खरा, पण ताटात वाढला तेव्हा आम्हा तिघांपैकी कोणालाच तो घेववेना.

वाडे बंद करून मी हरणीला ज्वारीच्या कडब्याची कुट्टी आणि थोडा मुरघास सुरू केला. वहीत पुढच्या वेतासाठी एक पान आधीच आखून ठेवले: आटवल्यापासून कॅल्शियमची बाटली बंद, शेवटचे तीन आठवडे वाडे नाही, डॉक्टर सांगतील ते क्षारमिश्रण तेवढेच, व्यायच्या दिवशी कॅल्शियम, आणि पहिले दोन दिवस अर्धीच धार. ते पान आईला वाचून दाखवले. तिने सगळे ऐकून घेतले आणि काढ्याचे काय ते विचारले. उभ्या, गिळणाऱ्या गाईला द्यायला हरकत नाही, असे डॉक्टर म्हणाल्याचे मी सांगितले.

संक्रांतीच्या त्या रात्री मी आणि आई आळीपाळीने दर दोन तासांनी गोठ्यात जात होतो. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि नदीकडून धुके वर आले होते. पहाटे साडेचारची पाळी आईची होती. मला झोप लागली नव्हती, म्हणून मीही मागोमाग गेलो. हरणी बसून रवंथ करत होती, मान सरळ होती. आईने खाली वाकून तिचा कान मुळापासून टोकापर्यंत मुठीत धरला, तसाच थोडा वेळ धरून ठेवला, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ऊन लागतोय."